कुर्डू कुंडीत लावायचा तर

आमच्या सासूबाईंनी सगळी हयात बाजरीतलं कुर्डूचं तण उपटण्यात घालवली. त्यामुळे २०१९ च्या पावसाळ्यात मी गच्चीवरच्या कुंडीत मुद्दाम कुर्डूचं बी टाकलं, तेव्हा त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "जल्म गेला ज्याला खुरपण्यात, त्याला ही बया कुंडीत लावती!"

त्या वर्षी त्यांचंच खरं झालं. माझा कुर्डू पार फसला, आणि फसला तो लाडानं. मी शेणखत घातलं, वर गांडूळखताचा थर दिला, रोज संध्याकाळी झारीनं पाणी. झाड छातीला लागलं, पानं ही एवढाली, खोड लुसलुशीत. भाद्रपदात एक वादळी सर आली आणि सगळं आडवं झालं. तुरे आले ते शेंड्याला चार, तेही वाकडे. आणि त्याच आठवड्यात सासवडहून जेजुरीकडे जाताना रस्त्याच्या कडेला, मुरमाच्या उघड्या कापावर, जिथं गवतसुद्धा धड धरत नाही तिथं कुर्डू उभा होता. एक वीत उंची, पाच-सहा पानं आणि टोकाला मेणबत्तीच्या ज्योतीसारखा एकच गुलाबी-पांढरा तुरा. असे शेकडो. एसटीच्या खिडकीतून ते बघताना मला माझ्या खताच्या पिशव्यांचे पैसे आठवले.

नंतरच्या काही वर्षांत चुकत चुकत जे कळलं ते इथं लिहिते. ज्यांना माळावरचा तसाच ठेंगणा, ताठ कुर्डू अंगणात किंवा कुंडीत हवा आहे त्यांच्यासाठी. शेतातला कुर्डू कसा घालवायचा हे विचारायचं असेल तर सासूबाईंना विचारा.

आधी ओळख पटवा

हसू नका, पण पहिल्या वर्षी आमच्या कॉलनीतल्या एकीनं कुर्डू म्हणून आघाड्याचं बी आणलं होतं. ही सगळी एकाच घरातली मंडळी. माठ, राजगिरा, आघाडा, कापूरमाधुरी, बागेतला मखमली कोंबडा आणि कुर्डू. कोंबडा तर कुर्डूचाच बागेत वाढवलेला, मोडून-मुरडून तयार केलेला प्रकार. तुरा चपटा होऊन तुऱ्याचं तुरेपण गेलं, एवढाच फरक.

कुर्डूची पानं खोडावर एकाआड एक येतात. आघाड्याची समोरासमोर येतात आणि त्याची फळं खाली वळून धोतराला, साडीला चिकटतात. कुर्डूचं काही चिकटत नाही. खोडावरून बोट फिरवलं तर उभ्या रेघा, बारीक कंगोरे लागतात. पान गुळगुळीत, लांबट, टोकाला निमुळतं. वर वर जावं तसं अरुंद होत जातं. काटे कुठंच नाहीत, असले तर तो काटेमाठ. कापूरमाधुरीचे तुरे लोकरीसारखे, बारके, पानांच्या बगलेत असतात. कुर्डूचा तुरा फांदीच्या टोकाला, बोटभर ते वीतभर, आणि हाताला कोरडा लागतो. ताज्या फुलाला हात लावल्यावर कागद चुरचुरल्यासारखं वाटलं की समजा, कुर्डू.

ते असं का, हे बघायला एक दहापट भिंग घ्या. शाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळतं तसलं साधं चालेल. सकाळी आठच्या सुमारास, ऊन तिरकं असताना तुऱ्यातलं एकच फूल चिमटीनं काढून तळहातावर ठेवा. कुर्डूला पाकळ्या नसतातच. आपण पाकळ्या समजतो ती पाच पातळ, कोरडी, भाताच्या तुसासारखी चमकणारी दलं असतात. त्यांच्या आत पाच पुंकेसर, आणि त्यांचे दांडे बुडाशी एकमेकांना जुळून एक छोटी वाटी झालेली. त्या वाटीच्या मधून एक लांब गुलाबी दोरा वर आलेला असतो, ती स्त्रीकेसराची दांडी. फूल जुनं झालं तरी ती दांडी तशीच राहते. कळी असताना दलांची टोकं गुलाबी असतात, उमलून जुनी झाली की रंग उतरतो आणि चांदी राहते. तुरा खालून वर फुलत जातो, म्हणून बुडाला चांदी आणि शेंड्याला गुलाबी. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ साली याचं नाव ठेवलं सेलोसिया अर्जेन्टिया. लॅटिनमध्ये अर्जेंटम म्हणजे चांदी. नाव ठेवणाऱ्यानं तुऱ्याचा बुडखा नीट पाहिला होता.

आणखी एक गंमत. हा गुलाबी रंग जास्वंदीच्या रंगासारखा नाही, बिटाच्या रंगाच्या जातीचा आहे. बीट, राजगिरा, बोगनवेल आणि कुर्डू हे रंगाच्या बाबतीत एका पंगतीला बसतात.

बी कधी घ्यायचं

नवरात्रात कुर्डू ऐन भरात असतो. दिवे घाट चढून वर आलं की दोन्ही बाजूंच्या माळावर, मल्हारगडाच्या वाटेवर, कडेपठार चढताना तरवड आणि बोरीच्या झुडपांच्या मधल्या उघड्या जागेत, सगळीकडे दिसेल. त्याच दिवसांत तेलंगणात बतुकम्मा असते. सर्वपित्री अमावस्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत बायका फुलांचे थर रचून गोपुर करतात आणि त्या थरांत दोन फुलं हवीतच, गुनुगु आणि तंगेडू. गुनुगु म्हणजे आपला कुर्डू, तंगेडू म्हणजे आपला तरवड. गुनुगुचे पांढरे तुरे तिकडे रंगात बुडवून लाल, निळे, हिरवेही करतात. आपल्याकडे हीच दोन्ही झाडं एका माळावर शेजारी-शेजारी उभी असतात आणि आपण झेंडू विकत आणतो. असो.

पण नवरात्रात बी घेऊ नका, ते हिरवं असतं. मी दसऱ्याला नुसती झाडं हेरून ठेवते. झाड निवडताना सगळ्यात मोठं बघू नका. मुरमात, ऊन खात, वीतभर उंचीवर ताठ उभं असलेलं, तुरा भरगच्च आणि रंग गडद असलेलं झाड बघा आणि त्याला एक सुताचा धागा बांधा. ठेंगणेपणा सगळाच बियात नसतो, बराचसा जमिनीचा आणि तारखेचा असतो, त्याबद्दल पुढं येईलच. पण रंग आणि तुऱ्याची ठेवण यात निवड करायला वाव असतो.

दिवाळी झाली, पहिली थंडी पडली की परत जा. तुरा पूर्ण चांदीचा, शेंड्याला जेमतेम गुलाबी झाक उरलेली, दांडा पिवळा-तांबूस पडलेला, अशा वेळी बुडाकडचं बी पिकलेलं असतं. लक्षात ठेवा, जसा तुरा खालून फुलतो तसाच खालून पिकतो. शेंडा पिकेपर्यंत थांबलात तर बुडाचं बी सांडून गेलेलं असतं. मी शेंडा अर्धा गुलाबी असतानाच कापते. वरचं कच्चं बी वाया जातं ते जाऊ दे.

कापायचा तर उभा धरून कापा, आडवा किंवा उलटा नाही. कुर्डूच्या फळाला झाकण असतं. पिकल्यावर फळाचा वरचा भाग टोपणासारखा अलगद सुटतो आणि आतलं बी उघडं पडतं. तुरा उलटा केला की ते सांडतं. पहिल्या खेपेला मी तुरे गुच्छासारखे खाली डोकं करून हातात धरून घरी आणले. घरी पोचले तेव्हा हातात नुसते तुरे, बी सगळं माझ्या चपलेच्या वाटेवर. आता कागदी पिशवी नेते, तुरा पिशवीत घालते आणि मग दांडा कापते.

कुठून घ्यायचं हेही सांगते. स्वतःच्या बांधावरून, ओळखीच्याच्या पडीक जमिनीतून विचारून. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात आम्ही चिंकारा बघायला जातो, तिथंही कुर्डू आहे, पण तिथल्या कशालाच हात लावायचा नाही. आणि कुठलंही झाड पूर्ण बोडकं करू नका. पाचातला एक तुरा पुरे. त्या एकात शेकडो बिया असतात, तुम्हाला कुंडीला लागतात चिमूटभर.

ताट, चाळणी, सूप

तुरे पिशवीसकट चार-पाच दिवस सावलीत राहू द्यायचे. मग स्टीलच्या मोठ्या ताटावर एकेक तुरा धरून बोटानं टिचक्या मारायच्या. पावसाची भुरभुर पत्र्यावर पडावी तसा आवाज येतो. बी काळं कुळकुळीत, मसुरीसारखं दोन्ही बाजूंनी फुगीर, पण दीड मिलिमीटरचं. राजगिऱ्याचा दाणा काळा करून त्याला पॉलिश केलं तर कसा दिसेल तसं. इथं परत भिंग काढा. एखादं न सुटलेलं फळ नखानं उघडलं तर आत एकाहून जास्त बिया दिसतील. माठाच्या फळात एकच असते. शंका राहिली असेल तर इथं फिटते.

ताटात बियांबरोबर चांदीचा भुसाही भरपूर पडतो. आधी चाळणीनं चाळा, बी खाली जातं, भुसा बराचसा वर राहतो. मग सुपात घेऊन पाखडा. बी जड आहे, ते सुपात राहतं. पंख्याखाली मात्र पाखडू नका. मी पाखडलं होतं, भुसा आणि त्यातलं उरलंसुरलं बी सगळं झाडून खतखड्ड्यात टाकलं, आणि पुढच्या वर्षी मेथीच्या वाफ्यात मेथी शोधावी लागली. सासूबाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत, नुसतं खुरपं आणून माझ्या हातात दिलं.

बी कागदी पाकिटात, वर साल आणि जागा लिहून ठेवायचं. "जेजुरी रस्ता, मुरूम, २०२१" एवढं पुरे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल राहिली तर बुरशी धरते. आमच्याकडे जुन्या पद्धतीनं राख मिसळूनही ठेवतात, तेही चालतं.

माती जेवढी गरीब तेवढी बरी

माझी पहिली चूक इथंच होती. आपण कुंडी म्हटलं की खत हे हाताला लागलेलं असतं. कुर्डूला सुपीक माती दिली की तो पानांचा होतो. खतातलं नत्र (नायट्रोजन) मिळालं की कुठलंही झाड तेच करणार, वाढ पानांत घालणार, खोड पोचट होणार आणि वारा आला की लोळणार. सासूबाईंच्या शेतातला कुर्डू कमरेएवढा होतो तो त्यांनी बाजरीला घातलेल्या खतावर. माळावरचा वीतभर राहतो तो उपाशी राहिल्यामुळे.

मी आता आठ इंची मातीची कुंडी घेते, तळाला भोक मोकळं, त्यावर खापरीचा तुकडा. दोन वाटे चाळलेला मुरूम, एक वाटा साधी शेतातली माती, एक वाटा जाडी वाळू. खत शून्य. गेल्या वर्षीच्या गुलाबाच्या कुंडीतली माती वापरू नका, तिच्यात खत उरलेलं असतं. ऊन दिवसभराचं हवं, निदान सहा तास तरी. सावलीत कुर्डू उंच आणि लुळा होतो.

लाकडाच्या पेटीत, थर्माकोलच्या खोक्यात, जुन्या घमेल्यात काहीही चालेल, पण पाणी साठता कामा नये. पाणी साठलं की कोवळी रोपं बुडाशी काळी पडून एका रात्रीत मान टाकतात. हा एकच रोग मी कुर्डूत पाहिला, आणि तो आपण आणलेला असतो.

पेरणीची तारीख

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि मला सगळ्यात उशिरा कळलेलं.

२०२१ साली मी एकाच बियाच्या, एकाच मातीच्या तीन कुंड्या केल्या. पहिली पेरली मृगात, म्हणजे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. दुसरी पुष्यात, म्हाताऱ्या पावसात, जुलै संपता संपता. तिसरी मघा लागल्यावर, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात. नवरात्रात तिन्ही फुललेल्या होत्या. मृगातली मांडीला लागत होती, फांद्या फुटलेल्या, तुरे दहा-बारा. पुष्यातली गुडघ्याच्या जरा खाली. मघातली जेमतेम वीतभर, एक खोड, एक तुरा. अगदी एसटीतून दिसलेल्या त्या मुरमावरच्यासारखी.

कारण असं, की कुर्डू दिवसाच्या लांबीवर चालतो. दिवस लहान व्हायला लागले, रात्र वाढली की त्याला फुलायची घाई होते, मग झाड केवढं झालंय याला महत्त्व उरत नाही. जूनमध्ये उगवलेल्याला अंग धरायला तीन महिने मिळतात. ऑगस्टच्या शेवटी उगवलेल्याला ते मिळत नाहीत, ते आहे त्या उंचीवर तुरा काढून मोकळं होतं. माळावर पाऊस उशिरा आणि तुटक पडतो, बरंचसं बी श्रावणात-भाद्रपदातच उगवतं, म्हणून तिथला कुर्डू ठेंगणा. मुरमाची उपासमार आहेच, पण तारखेचा हात मोठा.

म्हणजे उंची तुम्ही कॅलेंडरवर ठरवू शकता. अंगणात कुंपणाला लावायचा असेल तर मृग-आर्द्रा. पायरीवर ठेवायच्या कुंडीत हवा असेल तर आश्लेषा-मघा. मी मघाच धरते.

याच्याशीच जोडलेली एक फजिती. त्याच्या पुढच्या वर्षी एक कुंडी मी गच्चीच्या दाराशी ठेवली होती, जिथं रात्रभर ट्यूब चालू असते. बाकीच्या फुलल्या, ही नुसती पानं काढत बसली. पंधरवडा गेला तरी तुरा नाही. माती तीच, बी तेच. शेवटी मुलगा म्हणाला, "आई, तिला रात्र होतच नाहीये." कुंडी पलीकडे अंधारात नेली, मग तुरे आले, पण दसरा होऊन गेला होता. तुमच्याकडे रस्त्याचा दिवा खिडकीत येत असेल तर जागा बदला.

पेरताना

चिमूटभर बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळा. नुसतं बी टाकलं तर एकाच जागी ढीग पडतो. कुंडीतली माती आधी पूर्ण भिजवून घ्या, मग वाळू-बी वरून भुरभुरवा, आणि तळहातानं नुसतं दाबा. वर माती ओढू नका. एवढ्याशा बीला खोल पुरलं की त्याची शिदोरी वर येईपर्यंत संपते.

पावसाचा मोठा थेंब सगळं उडवतो, म्हणून मी कुंडीवर तुरीच्या काड्या आडव्या-उभ्या ठेवते, विरळ. थेंब फुटतो, उजेड आत जातो. पाऊस नसेल तर झारीचं बारीक तोंड, तेही एक दिवसाआड. आठ-दहा दिवसांत बारीक, लालसर झाक असलेली रोपं दिसतात. तेवढी वर आली की काड्या काढून टाका.

बी उगवणारं आहे का याची शंका असेल तर पेरणीच्या आधी वीस बिया ओल्या सुती कापडात गुंडाळून ताटलीत ठेवा, रोज कापड ओलसर राखा. दहा दिवसांनी मोजा. वीसातल्या दहा-बारा उगवल्या तरी भरपूर.

रोपं एका ठिकाणी करून मग दुसरीकडे लावायचा मोह टाळा. कुर्डूचं सोटमूळ सरळ खाली जातं, ते दुखावलं की झाड रुसतं आणि बोटाएवढं असतानाच घाबरल्यासारखा एक किडका तुरा काढून बसतं. छोट्या प्लास्टिकच्या पेल्यात मुळं गुंडाळली गेली तरी तेच होतं. जिथं फुलवायचं तिथंच पेरा.

विरळणी, म्हणजे भाजी

रोपं चार बोटं झाली की गर्दी कमी करायची. आठ इंची कुंडीत मी पाच ठेवते, जमिनीत दोन रोपांत वीतभर अंतर. उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं. कात्रीनं बुडातून कापा.

कापलेली टाकायची नाहीत. इथं सासूबाई पहिल्यांदा माझ्या बाजूला आल्या. त्यांच्या लहानपणी दुष्काळाच्या साली कुर्डूच्या पाल्यावर घरांनी दिवस काढले आहेत, असं त्या सांगतात. फुलावर यायच्या आधीची कोवळी पानं आणि शेंडे घ्यायचे. तुरा धरला की पान राठ होतं आणि कडवटपणा येतो. पानं धुऊन पाण्यात चांगली उकळायची, ते पाणी ओतून टाकायचं, पाला घट्ट पिळायचा, मग बारीक चिरायचा. तेलात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा, भिजवलेली मूगडाळ, आणि शेवटी पाला आणि दाण्याचं कूट. मीठ शेवटी, कारण पाला आळून मूठभर होतो आणि आधी घातलेलं मीठ डोईजड होतं. बाजरीची भाकरी बरोबर.

पाणी ओतायचं म्हटलं ते उगाच नाही. पालक-माठासारखं यातही ऑक्झॅलेट, म्हणजे मुतखड्याला कारण होणारा क्षार, असतं. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी या भाजीच्या नादी लागू नये. उलट कुर्डूचं बी मुतखड्यावर देतात असंही गावात सांगणारे भेटतील. मी औषधाच्या वाटेला जात नाही, तुम्हीही डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊ नका. आणि रस्त्याकडेचा किंवा तणनाशक मारलेल्या शेताच्या बांधावरचा पाला खायला घेऊ नका. फवारणीनंतर दोन दिवस तो हिरवाच दिसतो.

मधल्या काळात

फार काही करायचं नाही, आणि तेच जमत नाही. पाऊस असेल तर पाणी नाही. आठवडाभर उघडीप पडली आणि दुपारीच नाही, तर सकाळीसुद्धा पानं लोंबलेली दिसली, तर पाणी. दुपारची मरगळ खोटी असते, संध्याकाळी झाड आपणहून उठतं. पानं गुंडाळून आत बसणारी एक हिरवी अळी येते. मी गुंडाळी चिमटीत धरून काढून टाकते. रात्री गोगलगायी कोवळी रोपं साफ करतात, म्हणून कुंडी विटांवर उचलून ठेवा आणि पहिले पंधरा दिवस रात्री बॅटरी घेऊन एक फेरी मारा.

मृगातल्या झाडाचा शेंडा गुडघाभर उंचीवर खुडला तर फांद्या फुटून तुरे जास्त येतात. मघातल्याला हात लावू नका. त्याच्याकडे एकच तुरा काढण्याइतका वेळ आहे.

फुलल्यावर

सकाळी नऊ ते अकरा कुंडीजवळ बसा. आमच्या गच्चीवर, आजूबाजूला सगळं सिमेंट असताना, पहिल्या तुऱ्याच्या तिसऱ्या दिवशी मधमाश्या आल्या, मग छोटी निळी फुलपाखरं. एका तुऱ्यावर गुलाबी-पांढरा खेकडा-कोळी बसलेला असतो, फुलपाखरू टेकलं की दोन्ही हात पसरतो. तो दिसायला वेळ लागतो. तुऱ्याच्या एखाद्या भागात रेषा चुकल्यासारखी वाटली की तिथं बघा.

फोटो मोबाइलवर काढायचा तर सूर्य तुऱ्याच्या मागे ठेवा आणि फोन तुऱ्याच्या पातळीवर खाली आणा. उभ्यानं वरून काढलेला कुर्डू पांढऱ्या डागासारखा दिसतो. मागून ऊन आलं की प्रत्येक दल उजळतं. मागे गडद काहीतरी हवं, मी सासूबाईंचं काळं घोंगडं टांगते. त्यांना ते अजून माहीत नाही.

फुलदाणीत ठेवायला तुरे हवे असतील तर अर्धा तुरा उमलला असताना कापा, पानं काढून टाका, चार-पाचांची जुडी दोऱ्यानं बांधून अंधाऱ्या, हवेशीर खोलीत उलटी टांगा. दलं मुळातच कोरडी असल्यामुळे तुरा कोमेजत नाही, आकार तसाच राहतो. गुलाबी रंग मात्र उन्हात ठेवला तर महिन्याभरात उडतो. आमची कोकणातली विहीणबाई दसऱ्याला दाराला जे नवं, म्हणजे नव्या पिकाची जुडी, बांधते त्यात भाताच्या लोंबीशेजारी कुर्डूचा तुरा असतो. तो पुढच्या दसऱ्यापर्यंत दारावर राहतो, नुसता धुळकट होतो.

शेवटाला

हे वर्षायू झाड आहे. दिवाळीनंतर ते वाळणारच, पाणी वाढवून काही उपयोग नाही. बी घ्यायचं ते घ्या, आणि एक ठरवा: कुंडीखाली सांडू द्यायचं की नाही. शेजारी कोणाचं शेत असेल, भाजीचा वाफा असेल, तर तुरे वेळेवर कापा, भुसा जाळा किंवा कोरड्या पिशवीत भरून टाका, खतखड्ड्यात नाही. हौसेखातर बी मुठीनं माळावर उधळत फिरू नका. माळावर त्याचं त्याला कळतं, आणि पलीकडे कोणाची तरी बाजरी असते.

एका कुंडीत मात्र मी बी पडू देते. वाळकी खोडं बुडातून कापते, माती उकरत नाही, आणि उन्हाळाभर ती कुंडी कोपऱ्यात कोरडी ठेवते. वळवाची एखादी सर आली की त्यातलं थोडं बी फसतं, उगवतं आणि चार दिवसांत जळून जातं. पहिल्यांदा ते बघून मी पाणी घालायला धावले होते. नका धावू. सगळं बी एकदम उगवत नाही, उरलेलं मातीतच असतं. मृगाच्या पावसानंतर त्या कुंडीत परत हिरवं दिसतं. यंदा त्यातली दाटी कापायला सासूबाईच कात्री घेऊन गच्चीवर गेल्या होत्या, आणि पाच सोडून सहा रोपं ठेवून आल्या.